रक्तातल्या पेशी : एका रिपोर्टाचं वाचन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी गाळलेले काही आकडे छापताना घातले आहेत.)

समोर बसलेले सगळे सर, बाई, आणि १९९७ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'संगणक आणि आपली मुलं'. तो मी बदलून मागितला. त्या विषयावर आपल्याच तुकडीतले पाच-सहाजण माझ्यापेक्षा बरं बोलतील, आणि आपली मुलं आपल्या सगळ्यांपेक्षा बरं बोलतील. मी आज रक्तावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. पण २०१८ च्या पावसाळ्यापासून पुढचं जवळजवळ वर्षभर मी रोज सकाळी एक कागद वाचत होते. त्या कागदावरच्या एका आकड्यासाठी तुमच्यापैकी नऊजण साताऱ्याहून, कराडहून, पिंपरीहून पुण्याच्या रक्तपेढीत आले आणि हाताला सुई लावून दीड-दीड तास बसले. काहीजण दोनदा आले, एक तर चारदा. पुढे ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, "आम्ही दिलं ते नक्की काय होतं, आणि पुढे त्याचं झालं काय?" मी "निवांत सांगते" असं लिहिलं होतं. आज तो निवांतपणा मिळालाय.

तो कागद म्हणजे सीबीसीचा रिपोर्ट. तुम्ही सगळ्यांनी तो कधी ना कधी हातात घेतलाय. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात आणि संध्याकाळी पंधरा-वीस ओळींचा तक्ता मिळतो. त्यातल्या ठळक छापलेल्या आकड्यांकडे बघून आपण घाबरतो आणि बाकीचा कागद घडी घालून ठेवतो.

हे आकडे येतात कुठून, याचं मला इंजिनिअर म्हणून आधी कुतूहल वाटलं. पूर्वी तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या काचेवर एकेक पेशी मोजत. अमेरिकेत वॉलेस कोल्टर नावाच्या माणसाला १९५३ मध्ये एका युक्तीचं पेटंट मिळालं. मिठाच्या पाण्यात रक्त पातळ करायचं, ते एका बारीक छिद्रातून ओढायचं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना विजेचा हलका प्रवाह ठेवायचा. पेशीतून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना विरोध क्षणभर वाढतो. किती वेळा वाढला यावरून संख्या कळते, किती वाढला यावरून पेशीचा आकार. अकरावीत शिकलेला ओहमचा नियम, दुसरं काही नाही. आजची यंत्रं लेझरही वापरतात, पण पायाशी बऱ्याच ठिकाणी हीच कल्पना आहे. यात एक मेख आहे. यंत्र आकारावरून ओळखतं, चेहऱ्यावरून नाही. काहीजणांच्या प्लेटलेट त्या जांभळ्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्राला ते गठ्ठे प्लेटलेट वाटतच नाहीत आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर चाळीस हजार छापून येतं. म्हणून आकडा अनपेक्षित आला की काचेवर थेंब पसरून माणसाने डोळ्यांनी बघायचं असतं. चांगली प्रयोगशाळा ते न सांगता करते.

आता रक्ताकडे येऊ. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, घरी तेलाचा मोठा कॅन आणतो तेवढं. गोठू न दिलेलं रक्त नळीत उभं ठेवलं की ताकासारखं निवळतं. वर पिवळसर पाणी येतं, ते रक्तद्रव, निम्म्याहून थोडं जास्त. खाली लाल साका बसतो, त्या तांबड्या पेशी. आणि दोन्हींच्या मध्ये सायीसारखा पांढुरका पापुद्रा असतो, एक टक्क्याहूनही कमी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या पापुद्र्यात असतात. बाईंनी आठवीत फळ्यावर लाल खडूने तांबड्या पेशी काढल्या होत्या आणि पांढऱ्यांसाठी पांढरा खडू. प्लेटलेटसाठी खडू उरला नव्हता, म्हणून नुसते ठिपके दिले होते. त्यांना पुस्तकात 'रक्तपट्टिका' म्हणत. बाई, ठिपके हेच त्यांचं बरोबर चित्र आहे हे मला फार उशिरा कळलं.

२०१८ च्या जुलैत माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे आपल्याच शाळेतल्या, आपल्याहून दोन वर्षं मागे असलेल्याला, पायांवर बारीक लाल ठिपके दिसायला लागले. टाचणीच्या टोकाएवढे, दाबले तरी न पुसणारे. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पावसाळा होता, सगळीकडे डेंग्यू होता. प्लेटलेट आल्या बावीस हजार. डेंग्यूच असणार असं सगळ्यांनी धरलं. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, कुणी किवी आणली, कुणी बकरीचं दूध सुचवलं. पण त्याच कागदावर हिमोग्लोबिन होतं ६.८ आणि पांढऱ्या पेशी चौदाशे. आमच्या कामात तीन वेगवेगळ्या सेवा एकाच वेळी झोपल्या तर आम्ही तिन्हींत दोष शोधत बसत नाही. तिन्ही ज्या एकाच जागेवर अवलंबून आहेत ती जागा आधी तपासतो. डॉक्टरांनीही तेच केलं. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना घेतला. जिथे पेशींची दाटी असायला हवी तिथे जवळपास नुसती चरबी होती. या आजाराला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. कारखाना शाबूत, कामगार गायब.

पुढच्या काही महिन्यांत रक्तातली प्रत्येक पेशी काय करते हे मी तिच्या नसण्यातून शिकले.

तांबड्या पेशी नसल्या की माणूस जिना चढू शकत नाही. माझा भाऊ अजिंक्यताऱ्यावर धावत चढणारा. तो दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जाताना मधल्या पायरीवर बसायला लागला. या पेशी आपल्या अंगात वीस ते तीस लाख कोटी आहेत. मज्जेतून दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या बाहेर पडतात. प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणूला ऑक्सिजनची एक जोडी. एवढा माल भरायचा तर जागा हवी, म्हणून ही पेशी तयार होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते. ऊर्जा तयार करणारी कणिकाही ठेवत नाही. जो ऑक्सिजन वाहून न्यायचा तो ती स्वतः वापरत नाही. असला प्रामाणिक हमाल मी दुसरा पाहिला नाही. मधून दबलेली ही चकती सात-आठ मायक्रॉनची असते. काही केशवाहिन्या तिच्याहून अरुंद असतात, तिथून ती दुमडून जाते.

केंद्रक नसल्यामुळे तिला डागडुजी करता येत नाही. साधारण १२० दिवस ती चालते. मग प्लीहेत, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूच्या त्या मुठीएवढ्या अवयवात, अगदी बारीक फटींतून जाण्याची तिची परीक्षा होते. कडक झालेली पेशी अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला खातात. लोह परत मज्जेकडे जातं. उरलेल्या भागाचा पिवळा रंग होतो. तोच रंग प्रमाणाबाहेर साठला की आपण कावीळ म्हणतो. आपण रोज अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेतो, पण मज्जेला रोज वीस मिलिग्रॅमच्या वर लागतं. बाकी सगळं जुन्या पेशींमधलंच परत वापरलं जातं. म्हणूनच दर महिन्याला रक्त बाहेर जाणाऱ्या बाईच्या लोहाचा हिशोब जमायला कठीण असतो.

इथे जरा थांबते. भावाच्या वेळी आपल्या वर्गातल्या चारजणी रक्तपेढीत आल्या होत्या. त्यातल्या तिघींना परत पाठवलं, कारण रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान १२.५ लागतं आणि तिघींचं त्याखाली होतं. एकीचं तर ९.२. ती रोज सकाळी पाचला उठून दोन डबे करून नोकरीला जाते आणि तिला वाटत होतं की दमणं हा वयाचा भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. मला हा आकडा वर्तमानपत्रात वाचून काही झालं नसतं. चारातल्या तीन बघितल्यावर झालं.

आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे दरवेळी लोहच कमी असंही नाही. तांबड्या पेशींची संख्या भरपूर, पण पेशी अगदी लहान, असं कागदावर दिसलं तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासतात. अशांना वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन काही होत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी एक बदललं की पेशी ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारखी वाकते आणि जागोजागी अडकते. एका अक्षराच्या चुकीने अख्खी प्रणाली कोसळताना मी कामावर पाहिली आहे. तिथे निदान चूक सापडल्यावर रात्रीतून दुरुस्त करता येते.

आता तुम्ही दिलेल्या पिशव्या.

प्लेटलेट ही खरं तर पूर्ण पेशी नाही. मज्जेत एक अवाढव्य पेशी असते, मेगाकॅरिओसाइट. ती मज्जेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले हात आत सोडते आणि त्या हातांचे तुकडे तुटून रक्तात वाहू लागतात. हे तुकडे म्हणजे प्लेटलेट. दोन-तीन मायक्रॉनच्या, आठ-दहा दिवस जगणाऱ्या. एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. रक्तवाहिनी कुठे फाटली की त्या तिथे चिकटतात, आकार बदलतात, काटे काढतात, रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावतात, आणि मग रक्तद्रवातली प्रथिनं त्यावर जाळं विणतात. आपण भाजी चिरताना बोट कापतो तेव्हाच हे होतं असं नाही. चालताना, ढेकर देताना, हसताना बारीक वाहिन्यांना सतत काही ना काही होत असतं आणि प्लेटलेट ते बुजवत असतात. भावाच्या पायांवरचे ठिपके म्हणजे न बुजवलेली छिद्रं होती.

त्याच्या प्लेटलेट पुढे नऊ हजार, सहा हजार अशा खाली गेल्या. दहा हजारांखाली आपोआप मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून बाहेरून द्याव्या लागतात. साध्या रक्ताच्या एका पिशवीतून काढलेल्या प्लेटलेटनी रुग्णाचा आकडा पाच-दहा हजारांनीच वाढतो. तुम्ही ज्या यंत्राला जोडले गेला होतात, ते एकाच माणसाचं रक्त थोडं थोडं घेऊन गरगर फिरवतं, फक्त प्लेटलेट ठेवतं आणि बाकी सगळं परत देतं. त्या मोसंबीच्या रसासारख्या दिसणाऱ्या एका पिशवीने आकडा तीस ते साठ हजार वाढतो. तुमचे ओठ झिणझिणले होते, आठवतंय? यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे घालतात ते तुमच्या रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून सिस्टरनी चघळायला गोळ्या दिल्या. आणि "तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली का" हे विचारलं, कारण ॲस्पिरिन प्लेटलेटला कायमची निकामी करते. तिला केंद्रक नाही, त्यामुळे बिघडलेलं यंत्र ती नवं बनवू शकत नाही.

तुमच्यापैकी एकाने तेव्हा विचारलं होतं की रक्तपेढीत साठा का करून ठेवत नाहीत. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये पस्तीस ते बेचाळीस दिवस राहतात. प्लेटलेट थंडीत खराब होतात. त्यांना वीस ते चोवीस अंशांत, पाळण्यासारख्या हलणाऱ्या फळीवर ठेवावं लागतं आणि त्या पाचच दिवस टिकतात. रुग्णाच्या अंगात गेल्यावर त्याहून कमी, ताप असेल तर आणखी कमी. सोमवारी चाळीस हजार, गुरुवारी परत आठ. म्हणून मी दर तीन-चार दिवसांनी ग्रुपवर "बी पॉझिटिव्ह कोण आहे?" असं लिहायचे. हजेरीत माझ्या पुढचा नंबर असलेला मुलगा, ज्याच्याशी दहावीपर्यंत मी दहा वाक्यं बोलले नसेन, तो पहाटेच्या एसटीने आला होता. पिशवी देऊन, चहा-बिस्किट घेऊन दुपारच्या गाडीने परत गेला, कारण संध्याकाळी त्याला दुकान उघडायचं होतं.

मी सख्खी बहीण असून मी का दिलं नाही, हा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. कोणी तोंडावर विचारला नाही, हा तुमचा मोठेपणा. कारण असं की उपचार म्हणून माझीच मज्जा त्याला द्यावी लागण्याची शक्यता होती. आधीच माझं रक्त त्याच्या अंगात गेलं असतं तर त्याच्या शरीराने माझ्या पेशी ओळखून ठेवल्या असत्या आणि नंतर मज्जा नाकारली असती. त्यामुळे अशा रुग्णाला नातेवाइकांचं रक्त देत नाहीत. परक्यांचंच लागतं. तुम्ही परके म्हणून उपयोगी पडलात. आणि तुमच्या पिशव्यांवरही आधी किरणांचा मारा करत, कारण त्यात चुकून राहिलेल्या तुमच्या लिम्फोसाइटनी त्याच्या अंगावर हल्ला केला असता.

इथून पांढऱ्या पेशींकडे जाऊ. आपल्या पुस्तकात 'सैनिक' एवढं एक वाक्य होतं. पण यांच्यात पाच जाती आहेत आणि त्यांची कामं इतकी वेगळी आहेत की एका नावाखाली त्यांना ठेवणं हा नुसता कारकुनी निर्णय वाटतो.

यांची नावं गुणांवरून पडलेली नाहीत, रंगावरून पडली आहेत. जर्मनीत पॉल एर्लिख नावाचा तरुण डॉक्टर १८७० च्या दशकाच्या शेवटी कापड रंगवायच्या कृत्रिम रंगांनी पेशी रंगवत बसायचा. इओसिन हा आम्लधर्मी तांबडा रंग ज्यांनी घेतला त्या इओसिनोफिल. अल्कधर्मी निळा घेतला त्या बेसोफिल. दोन्हींच्या मधला घेतला त्या न्यूट्रोफिल. याच एर्लिखने १८८८ मध्ये एका तरुण गरोदर बाईच्या आजाराचं वर्णन लिहिलं, जिची मज्जा रिकामी होती. अप्लास्टिक ॲनिमियाची ती पहिली नोंद. हे वाचलं त्या रात्री मला फार वेळ झोप लागली नव्हती. त्या बाईसाठी तेव्हा काहीच करता आलं नव्हतं.

न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त, साधारण चाळीस ते पंचाहत्तर टक्के. मज्जा रोज दहा हजार कोटींच्या आसपास बनवते आणि रक्तात त्या एक दिवसही धड राहत नाहीत. जंतू दिसला की गिळायचा, मारायचा आणि आपणही मरायचं. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः यांचीच प्रेतं. भावाच्या हाताला सलाइनच्या जागी लालसर झालं होतं, पण पू धरला नाही. मला वाटलं, बरं आहे. डॉक्टर म्हणाले, पू धरायला पेशीच नाहीत. तेव्हापासून मला पू या गोष्टीबद्दल आदर आहे.

रिपोर्टातली एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी शिकून ठेवावी अशी आहे. पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्क्यांत छापलेले असतात आणि टक्के फसवतात. त्याचे एकूण चौदाशे, त्यात न्यूट्रोफिल बावीस टक्के, लिम्फोसाइट चौऱ्याहत्तर. एक मामा म्हणाले, "लिम्फोसाइट फार वाढलेत गं." वाढलेले काहीच नव्हते. चौदाशेचे चौऱ्याहत्तर टक्के म्हणजे हजार-एक. आणि बावीस टक्के म्हणजे तीनशे आठ न्यूट्रोफिल. तो खरा आकडा. पाचशेच्या खाली गेला की साधा ताप हा ताप राहत नाही, तासाभरात शिरेतून औषध सुरू करावं लागतं. आणि न्यूट्रोफिल इतक्या अल्पायुषी की प्लेटलेटसारखी त्यांची पिशवी आणून काम चालत नाही. मग उरतो फक्त बचाव. कोशिंबीर बंद, फुलं बंद, आईच्या हातचं ताजं दही बंद. राखीपौर्णिमेला काचेपलीकडून हात हलवला.

इओसिनोफिल जंतांवर आणि ॲलर्जीत वाढतात. लहान मुलाचा हा आकडा वाढला की पूर्वी डॉक्टर आधी जंताचं औषध देत, ते उगाच नव्हे. बेसोफिल एक टक्काही नसतात, त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून ऊतींमध्ये शिरतात आणि भक्षक पेशी होतात. मघाशी प्लीहेत म्हाताऱ्या तांबड्या पेशी खाणाऱ्या भेटल्या ना, त्याच जातीच्या. पेशी खातात हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ मध्ये, सिसिलीत. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. १९०८ चं नोबेल त्याला आणि एर्लिखला मिळून मिळालं. दोघांचे सिद्धान्त एकमेकांच्या विरोधात होते आणि दोघेही बरोबर निघाले.

आणि लिम्फोसाइट. सातवीत आपल्या वर्गात कांजिण्यांची साथ आली होती आणि हजेरी अठरावर आली होती, आठवतं? त्यातल्या जवळजवळ कोणालाच पुन्हा कांजिण्या आल्या नसतील. ती आठवण या पेशी सांभाळतात. बी जातीच्या प्रतिपिंडं बनवतात. टी जातीच्या आजारी पेशी शोधून मारतात आणि बाकीच्यांना हुकूम देतात. बी हे अक्षर कोंबडीच्या एका अवयवावरून आलं, कारण शोध कोंबड्यांमध्ये लागला. टी आलं छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीवरून, तिथे या पेशींचं शिक्षण होतं. शिक्षण एकच, आपलं कोण आणि परकं कोण. जी पेशी आपल्यावरच उठते तिला तिथेच नापास करतात, म्हणजे मारून टाकतात. पण एखादी सुटते. माझ्या भावाची मज्जा बाहेरच्या कोणी संपवली नव्हती. त्याच्याच टी पेशींनी ती परकी समजून संपवली होती.

उपाय दोन होते. त्या टी पेशींना औषधांनी दाबायचं, नाहीतर मज्जाच बदलायची. वय चाळिशीच्या आत आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळत असेल तर दुसरा उपाय आधी विचारात घेतात. जुळणं म्हणजे रक्तगट जुळणं नव्हे. सहाव्या गुणसूत्रावर काही जनुकांचा एक गठ्ठा असतो, एचएलए. तो आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा येतो. म्हणून सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक. आम्ही दोघंच भावंडं. आमचे रक्तगट वेगळे, त्याचा बी, माझा ओ. पण गठ्ठा जुळला.

मला भूल देऊन कमरेच्या हाडातून नऊशे मिलिलिटरच्या आसपास मज्जा काढली. आठवडाभर रिक्षात बसताना कळ यायची, एवढंच. ती महिन्या-दीड महिन्यात भरून येते. त्याच्यासाठी मात्र ते सोपं नव्हतं. आधी चार-पाच दिवस कडक औषधांनी त्याच्या उरलेल्या पेशी पुसल्या. मग माझी पिशवी रक्तासारखीच शिरेतून सोडली. हाडात काही टोचावं लागत नाही. मूळपेशी रक्तातून फिरतात, मज्जेतून येणारा रासायनिक इशारा ओळखतात आणि आपापल्या जागी जाऊन बसतात. त्यांना पत्ता कोणी सांगत नाही. अंगातली प्रत्येक रक्तपेशी, तांबडी, पांढरी, प्लेटलेट, या एकाच जातीच्या पेशीपासून होते हे टोरांटोत टिल आणि मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवायला सुरुवात केली. प्रत्यारोपण माणसांत शक्य करणाऱ्या डॉनल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं.

पुढचे दिवस आम्ही आकड्यांवर काढले. न्यूट्रोफिल शून्य. शून्य. अकराव्या दिवशीही शून्य. चौदाव्या दिवशी चाळीस. आई विचारायची, "चाळीस म्हणजे चाळीस हजार का?" मी म्हणायचे, "नाही, नुसते चाळीस." एकोणिसाव्या दिवशी पाचशे वीस. तुमच्या शेवटच्या दोन पिशव्या याच काळात गेल्या, कारण प्लेटलेट सगळ्यांत उशिरा आल्या.

मग जे झालं ते मला अजून नवलाचं वाटतं. जुन्या तांबड्या पेशी आयुष्य संपून गेल्या आणि नव्या माझ्या मूळपेशींपासून आल्या. चार-पाच महिन्यांत त्याचा रक्तगट बी चा ओ झाला. त्याच्या वाहन परवान्यावर अजून बी छापलेलं आहे. रक्ताची गुणसूत्रं तपासली तर एक्स-एक्स येतात, म्हणजे बाईची. दाढी त्याची, आवाज त्याचा, आणि रक्त बहिणीचं. आणि लिम्फोसाइट नव्या, त्यामुळे लहानपणच्या लसींची आठवण पुसली गेलेली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी धनुर्वात, घटसर्प, पोलिओ सगळं पुन्हा टोचून घ्यावं लागलं. रांगेत पुढे-मागे तान्ही बाळं. तो आज मागच्या रांगेत खांबाजवळ बसलाय. नको, उठू नकोस, बस.

थोडं व्यवहाराचं सांगते. प्लेटलेट यंत्रावर देता येतात साधारण साठ वर्षांपर्यंत, म्हणजे आपल्याकडे अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत. दोन वेळांत निदान ४८ तास हवेत, वर्षात चोवीसच्या वर नाही. मूळपेशी देण्याची नोंद मात्र तरुणपणीच केलेली बरी. त्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात, सुईसुद्धा नाही. जुळणारं भावंड नसलेल्या चारातल्या तिघांना अशा नोंदींचाच आधार असतो. भारतात दात्री ही नोंदणी संस्था २००९ पासून हे काम करते. कॉलेजात असलेल्या आपल्या मुलांना हे सांगायला हरकत नाही, ऐकतील की नाही ते तुम्हाला माहीत.

आणि ग्रुपवर रक्तगटांची यादी करायची ठरलंय, त्याबद्दल एक सूचना. आपला गट ओ आहे असं सांगणाऱ्याने तो रक्तपेढीत एकदा नीट तपासून घ्यावा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण शोधले की ज्यांचं रक्त साध्या चाचणीत ओ दिसतं पण ज्यांना ओ गटाचंही रक्त चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. अशा माणसाला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं, तेव्हा आपल्या यादीत एखादा निघाला तर त्याचं नाव सगळ्यांत वर लिहा.

माझी वेळ संपली, घंटेकडे सरांचा हात गेलेला दिसतोय. काही विचारायचं असेल तर जेवताना विचारा. मात्र आजपासून स्वतःचे रिपोर्ट मला मोबाइलवर पाठवू नका. ते डॉक्टरांना दाखवा. आपल्या तुकडीत तीन आहेत, आणि तिघेही आज जिलेबीच्या रांगेत पहिले असणार.